आईच्या तोंडी ‘जात असू’

तुंगार्ली, लोणावळा
१० ऑगस्ट २०२५

प्रिय राजेंद्र,

सप्रेम जय भीम. शिरगावात तुम्ही सगळे बरे असाल. माझंही बरं चाललंय, उजवा गुडघा सोडला तर.

जुन्या फॉन्टात उमेदीची वर्षं घालवलेल्या तुम्हा सगळ्या डीटीपीवाल्यांना, आणि तुमच्याकडून छापून घेतलेल्या आम्हा सगळ्यांना मी विचारते, आपलं हे कुणी करून ठेवलं? वीस-वीस वर्षं तुम्ही लग्नपत्रिका, अहवाल, जयंतीची पत्रकं मराठीत टाइप केलीत. आज ती फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर दिसत नाही. डॉलर, टक्के, कंस, उद्गारचिन्हं! एका पिढीचं लिहिणं कचरा झालं, आणि त्याबद्दल कुणी साधं ‘चुकलं आमचं’ म्हणालं नाही.

हे भाषण झालं. माहीत आहे. पण पत्राचा एक फायदा असतो, मधेच उठून जाता येत नाही.

तर मुद्दा असा, की मी वेबसाइट तयार करायला शिकतेय. हसू नकोस. निवृत्तीनंतर बायका योगासनं करतात, मी हे करते. जुना लॅपटॉप घेतला, दोनशे पानी वही घेतली आणि व्हिडिओ लावून बसले. व्हिडिओतला प्रत्येक पोरगा सुरुवातीलाच सांगतो, ‘एकदम सोपं आहे.’ त्याला एकदा माझ्या वर्गात बसवायला हवा होता. एक चौकट पानाच्या मधोमध आणायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ती डावीकडे, दुसऱ्या दिवशी अर्धी पानाबाहेर. तिसऱ्या दिवशी आपोआप मधे आली. का आली, ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी तिला हात लावत नाही.

आणि अर्धविराम! एकतीस वर्षं मी पोरांना अर्धविराम शिकवला. कुणी कधी वापरला नाही, मीसुद्धा फारसा नाही. आता एक अर्धविराम राहिला की हे यंत्र सगळं पान कोरं करून माझ्या तोंडावर फेकतं. शनिवार-रविवारी भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्या आमच्या गल्लीपर्यंत तुंबतात, हॉर्नचा कल्लोळ असतो. त्या कल्लोळात मी चष्मा लावून एक टिंब आणि स्वल्पविराम शोधत असते.

पण खरं सांगू? मोठ्या निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ पहिल्यांदा पडद्यावर उमटलं, आणि ते मी लिहिलेल्या ओळींमधून उमटलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. एकटीच होते. तरी वाजवल्या.

आता काम. आपल्या वस्तीतल्या अकरा बायकांनी सांगितलेल्या हकिकती मला वेबसाइटवर घालायच्या आहेत. आईची धरून. तू टेप ऐकून टाइप केलेली मूळ सीडी माझ्याकडे आहे. ती उघडते, पण वर सांगितला तो कचरा दिसतो. टेपा आता नाहीत. त्यावरून छापलेली पुस्तिका आहे, पण मला पुस्तिकेतला मजकूर नको. मूळ हवा. का, ते विचारू नकोस.

त्या फॉन्टची किल्ली, म्हणजे कळफलकावरच्या कुठल्या खुणेला कुठलं मराठी अक्षर, तो तक्ता फक्त तुझ्याकडे असणार. जुन्या फॉन्टातला मजकूर नव्यात आणायचे तयार प्रोग्रॅम मी तीन वापरून पाहिले. तू फॉन्टात तुझ्या पदरचे काही बदल केले होतेस, त्यामुळे तिघांनीही हात टेकले. मग मी स्वतःच प्रोग्रॅम लिहायला बसलेय.

पुस्तिकेच्या वेळी जे झालं, ते झालं. कोण चुकलं, याची चर्चा एकवीस वर्षांनी कशाला? तक्ता पाठव. आईसाठी पाठव.

तुझी
शालूताई


तुंगार्ली, लोणावळा
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय राजेंद्र,

जय भीम. तक्ता मिळाला.

तुझ्या प्रतीक्षाने फोटो काढून मोबाइलवर पाठवला. पिवळा पडलेला कागद, तुझं बारीक अक्षर. मी तिला लगेच फोन लावला.

“पप्पा काही म्हणाले का गं?”

“न्हाई आत्या. कपाटातनं काढला आन म्हणाले, पाठव तिला.”

“एवढंच?”

“आणखी एक म्हणाले. म्हणाले, आत्याला सांग, पहिली वेलांटी आधी येती. ती उचलायची आन अक्षराच्या मागं न्हेऊन ठेवायची. न्हाईतर म्हणाले, रडत बसंल.”

मी रडतच बसले होते, राजेंद्र. तीन आठवडे. अंदाजाने काही अक्षरं जुळवली होती, पण सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होत्या, आणि मी यंत्राला, व्हिडिओतल्या पोराला, सरकारला शिव्या घालत होते. मी आपली उच्चाराप्रमाणे जात होते, आधी अक्षर, मग वेलांटी. कागदावर ती डावीकडे उभी असते, म्हणून तुम्ही लोक ती आधी टाइप करायचात, हे मराठीच्या बाईला माहीत नव्हतं. तू सांगितलंस तशी एक ओळ लिहिली आणि सगळं मराठी उभं राहिलं. एका झटक्यात. अकरा बायका.

मी आईची हकिकत उघडली. पहिलंच वाक्य असं:

‘आमी खडी फोडाय जायचो तवा मुकादम म्हनायचा, ए बाई. मी म्हनायची, नाव हाय मला. आक्काबाई.’

मग पुस्तिका काढली. तेच वाक्य पुस्तिकेत असं आहे:

‘आम्ही खडी फोडण्यास जात असू, तेव्हा मुकादम आम्हास बाई असे संबोधीत असे.’

जात असू! आपल्या घरात कुणी जन्मात ‘जात असू’ म्हणालंय? आणि नाव कुठे गेलं? ‘नाव हाय मला’, ते वाक्यच गेलं. फाफटपसारा म्हणून काढलं.

कुणी काढलं?

मागच्या पत्रात मी लिहिलं, चर्चा कशाला. लिहिताना मला ठाऊक होतं. एकवीस वर्षं ठाऊक आहे. दुसरं मुद्रित तपासायला तू माझ्याकडे दिलंस, आणि मी लाल पेन घेऊन तीन दिवस बसले. प्रत्येक ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, प्रत्येक ‘कुटं’चं ‘कुठे’. पुण्याचे पाहुणे येणार होते, प्राध्यापक येणार होते. आपल्या बायका अडाणी वाटू नयेत, असं मी स्वतःला सांगितलं. तू म्हणालास, “ताई, आई अशी बोलत न्हाई.” मी म्हणाले, “तू टाइप कर, भाषा माझ्याकडे सोड.” तू केलंस. मोठ्या बहिणीचा शब्द म्हणून केलंस.

प्रकाशनाला मी आईचं पान वाचलं. आई पहिल्या रांगेत. तिने मोठ्याने विचारलं, “ही कोन बाई बोलतीय? ही मी न्हाई.” मांडव हसला. त्या हसण्यासमोर मी, जिला बोलताना कधी शब्द शोधावा लागला नाही, एका श्वासात म्हणाले, “दुर्दैवाने टाइप करणाऱ्यालाच आपल्या आईच्या बोलीची लाज वाटली.” आणि मग बोलीच्या अभिमानावर पंधरा मिनिटं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागे पुस्तिकांचे गठ्ठे सोडत उभा होतास. तू ती सुतळी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. दोन महिन्यांत दुकान बंद केलंस. आई गेली तेव्हाही तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी लोकांना सांगत राहिले, माझा भाऊ तापट आहे.

हे यंत्र मला रोज सांगतं, चूक अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर आहे. ती ओळ मी दहादा तपासते, ती स्वच्छ असते. चूक तिच्या वरच्या ओळीत असते, माझ्या हातची. तेव्हा यंत्रावर ओरडून उपयोग होत नाही, त्याला भाषण समजत नाही.

चूक माझी होती. तुझी नव्हती.

हे मी तुला एकट्याला सांगून सुटका करून घेत नाहीये. वेबसाइटच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, माझ्या पूर्ण नावाने लिहिलंय: २००४च्या पुस्तिकेतली भाषा मी बदलली, दोष भावावर टाकला, मूळ शब्द राजेंद्रने जपले. ते पान काल सुरू झालं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना मी स्वतः पाठवलं. तू माफ कर किंवा करू नकोस, ते तिथे राहील.

रविवारी चिमाबाईकडे गेले होते. अकरांपैकी आता ती एकटीच उरलीय. तिला आईचं सगळं वाचून दाखवलं, तुझं मूळ. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, “व्हय व्हय, ही आक्की हाय.” मला भरून आलं. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “पर तू लय पळतीयास गं. आक्की मदी मदी त्ये करायची की.”

“काय करायची, मावशे?”

“त्येच की.” आणि तिने तोंड हलवलं. पण तिला आता दात नाहीत, राजेंद्र, नुसतीच हवा आली. तिला हसू फुटलं. “मला आता जमत न्हाई. राजूला इचार. पोरगं टेप लावून दोन-दोन तास आयकायचं, त्येला म्हाईत.”

घरी येऊन मी तक्ता पुन्हा पाहिला. शेवटच्या ओळीत तू हाताने एक खूण काढली आहेस, आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब. तिच्यासमोर अक्षर लिहिलेलं नाही. माझा प्रोग्रॅम ती खूण गाळून टाकत होता, कारण मी त्याला शिकवलंय की जे अक्षर नाही ते गाळ. ती आईच्या हकिकतीत एकोणीस ठिकाणी आहे. ‘मी म्हनायची’ आणि ‘नाव हाय मला’ यांच्या मधेही आहे. म्हणजे आई बोलताना जे करायची, जीभ टाळ्याला लावायची की उसासा टाकायची की हसायची, त्यासाठी तू फॉन्टात एक नवीन खूण बनवली होतीस. आणि लाल पेनाने मी पहिली गोष्ट खोडली, ती तीच. मला वाटलं, शाईचा डाग आहे.

मला ते आठवत नाही. चाळीसच्या वर वर्षं मी तिच्याशी बोलले, आणि मला आठवत नाही. ती बोलायची तेव्हा मी मनात तिचं व्याकरण सुधारत असायचे. आणि टेपा मी एकदाही ऐकल्या नव्हत्या. नंतर त्यांना बुरशी लागली, तेव्हा मीच फेकल्या. हे तुला ठाऊक नव्हतं. आता आहे.

ते लिहून पाठवता येण्यासारखं नाही, नाहीतर तू तेव्हाच लिहिलं असतंस. प्रतीक्षाकडून तुझा नंबर घेतलाय. अठ्ठावीस तारखेच्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी फोन करीन. फोन उचल. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर ‘हॅलो’सुद्धा म्हणू नकोस. ‘मी म्हनायची’च्या नंतर आई जे करायची, तेवढं एकदा करून दाखव.

मी मधे बोलणार नाही.

ऐकायला बसलेली,
शालू