शून्य उत्तर

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अ. आ.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तुझ्याकडे रमली, जीव भांड्यात पडला. आता ऐक. ज्या इंटिग्रलपायी तू हिवाळाभर पेन्सिली झिजवल्यास, ते मी संगणकाला घातलं. चहा ओठाला लागायच्या आत उत्तर हजर: शून्य! आपलं प्रमेय सुटलं. शोधनिबंध नियतकालिकाकडे धाडलाय, तुझंही नाव घालून. विभागप्रमुखपदाच्या माझ्या मुलाखतीआधी स्वीकारला गेला तर सोन्याहून पिवळं.

तुझ्यावर माया असलेला,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी हसले, मग पेन्सिल घेऊन बसले. अरे, आपली वक्ररेषा सगळीच्या सगळी अक्षाच्या वर आहे. तिच्याखालचं क्षेत्रफळ, म्हणजेच ते इंटिग्रल, शून्य कसं? भिंती आहेत, छप्पर आहे आणि आत जागाच नाही, असं घर कुठे पाहिलंस? मी हाताने करून पाहिलं. मध्येच एके ठिकाणी सूत्र तुटतं. यंत्राने ती फट न बघताच दोन टोकांची वजाबाकी केली. प्रमेय कोसळलं, दादा. निबंध परत मागव, नाहीतर माझं नाव तरी काढ.

रागावलास तरी लोभ राहू दे.
ठमी

२ मार्च

चि. ठमीस अ. आ.

जगभर वापरतात ते सॉफ्टवेअर चुकलं आणि तुझी पेन्सिल तेवढी बरोबर? घरसंसारात सवय मोडली तुझी. आता नाव काढलं तर संपादकांना शंका येईल. निबंध स्वीकारला गेलाय, मुलाखतही झकास झाली. आईला सांग, प्रमुखाच्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

हट्ट सोड, माया आहेच.
दादा

१९ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

संपादकांचं पत्र आलं. कुणा वाचकाने चूक पकडली, तेव्हा तू त्यांना कळवलंस म्हणे, की तेवढा भाग बहिणीने केला. आईला तुझा फोन आधीच येऊन गेला होता. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, तुला कुठे नोकरी आहे, घे अंगावर, त्याची खुर्ची वाचेल. मला नोकरी का नाही, हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

मी संपादकांना खरं ते लिहिलं: उत्तर यंत्राचं, विश्वास दादाचा, माझं फक्त नाव.

आई काल बॅग भरून तुझ्याकडे निघाली. जिना उतरताना मी हात पुढे केला, तिने कठडा धरला. पायऱ्या चढवत नाहीत तिला, खालच्या खोलीत झोपव.

लोभ होता.
ठमी