एका श्वासात किती शब्द

३ फेब्रुवारी

पान एकशे चौदा. वाक्य तुटलं – पाचव्यांदा.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला. शब्दाच्या आधी बारीक शिट्टी ऐकू येते म्हणाला. माझ्या छातीतली. मशीन ती पुसू शकत नाही. तो सभ्य माणूस आहे. ‘घरी जा’ म्हणाला नाही, ‘पाणी घ्या’ म्हणाला.

अंध वाचकांच्या लायब्ररीसाठी मी अकरा वर्षं पुस्तकं वाचते आहे. ही कादंबरी दोनशे सहा पानांची, आणि लेखकाला पूर्णविरामाचा कंटाळा. लायब्ररीचा नियम असा की एका पुस्तकाला एकच आवाज. महिनाअखेरपर्यंत वाचून झाली नाही तर दुसरं कुणीतरी पहिल्या पानापासून वाचेल. माझी एकशे चौदा पानं पुसली जातील. त्यानंतर मला पुस्तक कोण देईल?

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी एका नळीत तीनदा फुंकायला लावलं. आकडा त्यांना आवडला नाही. पंप लिहून दिला. मग विचारलं, घरात काय काय फवारता, ओतता, फासता? म्हटलं, नेहमीचंच. तर म्हणाल्या, मग नेहमीचंच लिहून आणा. रोज. आणि त्या त्या वेळी श्वास कसा होता, तेही.

म्हणून ही वही.

श्वासाचं माप माझं मीच ठरवलं. कादंबरीचा पहिला परिच्छेद, मोठ्याने, एका श्वासात किती शब्द. आज चौदा.

६ फेब्रुवारी

नेहमीचंच: फिनेल. ब्लीच. संडासाचं अ‍ॅसिड. काचेचा निळा फवारा. धुतलेल्या कपड्यांना वास देणारं दाट पाणी. हॉलमधली डबी – माणूस जवळून गेला की आपोआप फुस्स करते. न्हाणीघरातल्या सुगंधी वड्या. हे घराचं. माझं वेगळं: शाम्पू, केसांचा स्प्रे, डिओ, तीन क्रीमं, हाताला लावायचं जेल…

एकोणीस वस्तू झाल्या. घरात माणसं तीन!

बारा शब्द.

८ फेब्रुवारी

आईंविषयी लिहायला हवं. सासूबाई. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात फरशा पुसल्या. निवृत्त झाल्या त्या कागदोपत्री. घराची फरशी रोज दोनदा पुसायच्या. मी खोकायला लागले त्याला तीन महिने झाले, तेव्हापासून तीनदा. आजारी माणसाच्या घरात जंतूला उभं राहायला जागा मिळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

दहाला मी सरावाला बसते. त्याआधी त्या माझं टेबल, खुर्चीचे हात, खिडकीचे गज पुसून ठेवतात. सांगावं लागत नाही. गुडघे दुखतात तरी टेबलाखाली शिरतात. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. माझ्या सख्ख्या आईनेही नाही. तिचा स्वभावच नव्हता तो.

दहा वाजता अकरा शब्द. दुपारी स्टुडिओत सोळा. का?

११ फेब्रुवारी

आईंनी संडासात अ‍ॅसिड ओतलं आणि त्यावर ब्लीच. दोघं मिळून चांगलं काम करतील म्हणून. डोळे चुरचुरायला लागले, घसा आवळला. नवऱ्याने दोघींना ओढून गॅलरीत आणलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या. आई तासभर खोकत होत्या आणि खोकता खोकता माझीच पाठ चोळत होत्या.

डॉक्टरीणबाई फोनवर भडकल्या. ही दोन एकत्र म्हणजे विषारी वायू, पुन्हा कधीही नाही.

आई ओशाळल्या. वॉर्डात औषधाचं पाणी स्टोअरमधून तयार यायचं. बादली उचलायची, पुसायचं. मिसळणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच.

शब्द मोजले नाहीत.

१४ फेब्रुवारी

आई चार दिवसांसाठी नणंदेकडे गेल्या. जाताना मला दोनदा बजावलं, फरशीची चालढकल करू नकोस. मी केली.

१६ फेब्रुवारी

एकोणीस.

१७ फेब्रुवारी

तेवीस! स्टुडिओत सलग नऊ पानं. रेकॉर्डिस्टने हात वर केला तेव्हा दचकले – तर तो अंगठा होता.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “सासू चार दिवस गावाला गेली की सुनेचा श्वास मोकळा होतो, यात वैद्यकशास्त्राला काय नवीन?”

खूप हसलो. मग मी वहीची पानं मागे उलटली आणि हसू थांबलं. फरशी पुसली त्यापुढे आकडा खाली. प्रत्येक वेळी. त्या टेबल पुसून जायच्या, मी त्याच टेबलाशी बसून खोल श्वास घ्यायचे. मी जास्त खोकायचे, त्या जास्त पुसायच्या.

१८ फेब्रुवारी

आई आल्या. चपला काढल्या आणि बादली घेतली.

कसं सांगायचं? वाक्य दहा वेळा जुळवलं. प्रत्येक वेळी ते आरोपपत्रासारखं झालं. शब्दांवर जगणारी बाई मी!

तेरा.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. वाईट सांगितलं. वहीच पुढे केली, शाळेतल्या बाईंसारखी आकड्यांवर बोट ठेवत गेले. त्यांनी चष्मा लावून दोन पानं नीट वाचली.

“म्हणजे मीच?” एवढंच म्हणाल्या.

त्या उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करायला गेल्या. केलेल्या घड्या मोडून त्यांनी पुन्हा केल्या.

२० फेब्रुवारी

फरशी पुसली नाही. सकाळभर हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून होत्या. त्या हातांकडे बघवेना.

एकोणीस शब्द. आनंद नाही.

२१ फेब्रुवारी

आज माझी पिशवी आणून त्यांच्यासमोर टेबलावर पालथी केली. डिओ, स्प्रे, वासाची क्रीमं. म्हटलं, हेही जाणार. याद्या केल्या तेव्हा घराचं वेगळं आणि माझं वेगळं लिहिलं होतं, पण छाती काही असा भेद करत नाही.

त्यांनी डिओची बाटली उचलली. मागची बारीक अक्षरं लांब धरून वाचली, मग जवळ धरून. तिसऱ्या ओळीला हरल्या.

“हे तू रोज काखेत मारत होतीस?”

“हो.”

“आणि बोट माझ्या फिनेलवर ठेवत होतीस.”

मग हसल्या. दोन दिवसांनी! मला रडूच आलं.

सगळं एकदम मोरीत ओतायला मी निघाले, त्यांनी मनगट धरलं. अकरा तारखेचं विसरलीस का म्हणाल्या. झाकणं घट्ट लावून बाटल्या खोक्यात उभ्या केल्या. घातक कचरा घेणारं केंद्र आहे, नवरा तिथे नेऊन देणार.

२३ फेब्रुवारी

आईंनी घर हातात घेतलं आहे. डॉक्टरीणबाईंकडे स्वतः जाऊन आल्या, कागदावर लिहून आणलं. बिनवासाचा साबण, कोमट पाणी, ओलं फडकं, उघड्या खिडक्या. जंतुनाशक फक्त खरी गरज असेल तेव्हा, तेही बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि मी घरात नसताना. फवारा नाही. मी विचारलं, लिंबाच्या वासाचं चालेल का? तर वॉर्डातल्या सिस्टरच्या आवाजात उत्तर आलं की वासच नको, लिंबाचाही नको, तू नादी लागू नकोस.

हॉलमधली डबी गेली. गेली तरी मी तिथून जाताना अजून मान वळवते.

नवऱ्याच्या दाढीनंतरच्या पाण्यावर जप्ती आली. तो म्हणतो, मी काय केलं? आई म्हणतात, श्वास घेतेय ना ती शेजारी.

एकवीस.

२५ फेब्रुवारी

पंप चालूच आहे. पायऱ्या चढताना अजून लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिने लागतील, फुफ्फुसाला घाई कळत नाही. ठीक.

पण सकाळी जाग आली आणि छातीचा विचार उठल्यावर बऱ्याच वेळाने आला. आई टेबल पुसत होत्या, नुसत्या पाण्याने. कुणाचे आभार मानायचे ते समोर दिसत असावं, यासारखं सुख नाही.

२७ फेब्रुवारी

पान दोनशे सहा. शेवटचं वाक्य बत्तीस शब्दांचं. एका श्वासात नाही झालं. स्वल्पविरामाशी थांबले, श्वास घेतला, पुढे गेले. शिट्टी नव्हती. रेकॉर्डिस्ट म्हणाला, हे असंच ठेवू, माणूस वाचतंय असं वाटतं.

पुस्तक माझ्या आवाजात राहिलं!

१ मार्च

आईंना सांगायला गेले, पुस्तक तुमच्यामुळे पूर्ण झालं. त्या फडकं पिळत होत्या. हसत हसतच विचारलं, बाटलीवर एक झाकण लिहिलेलं असायचं, तुम्ही अर्धी बाटली का ओतायचात?

“मला वास येत नाही गं. वॉर्डातच गेला. सोळा-सतरा वर्षं झाली. तेव्हा सांगितलं असतं तर कामावरून काढलं असतं, मग सांगायचं राहूनच गेलं. तू नाक मुरडलंस की समजायचे, पुरे झालं.”

फडकं दांडीवर टाकलं. नीट ताणलं.

“आता तूच सांग. घर स्वच्छ आहे का?”

मी श्वास घेतला, छातीभर. म्हटलं, हो आई.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला आहे. दोघींचा.