उंबऱ्याच्या आतलं घर भाऊजींना

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, धंदा कॉलरी शिवणे, गल्लीत ‘कॉलरवाली’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी दोनदा वाचून घेतला. वकिलाला मसुदा करू दिला नाही, कारण तो माझ्या भाचजावयाबरोबर पत्ते खेळतो. पानांवरची कोरी जागा रेघा मारून बंद केली आहे.

कलम एक. शिवणयंत्र आणि तिन्ही कात्र्या भाचीला. माझ्या माघारी कपाटे उघडायची तिला खोड आहे, म्हणून किल्ली डॉक्टरांकडे राहील.

कलम दोन. राहते घर, दोन खोल्या व माळा, माझ्या धाकट्या दिरांना. भाची विचारेल, ज्यांना मावशीने पंचावन्न वर्षे उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांना घर कसे? म्हणून कारण नमूद करते.

माझे यजमान छापखान्यात खिळे जुळवत. युद्धात दोघे भाऊ एकाच तुकडीत भरती झाले. धर्माच्या रकान्यात यजमानांनी ‘ज्यू’ लिहिले. भाऊजींनी आडनाव आणि धर्म दोन्ही बदलून लिहिले. मला तेव्हाच ते खटकले. “पकडलो गेलो तर गळ्यातला धर्म कोरलेला बिल्ला फेकून देईन,” असे यजमान मला सांगून गेले होते. पकडले दोघेही गेले. परत एकटे भाऊजी आले.

दारात उभे राहून म्हणाले, “दादा गेला, वहिनी. ज्यू म्हणून मारला.” नजरेला नजर देईनात. मी म्हटले, “बिल्ला फेकला होता, तर ओळख कोणी पटवली? स्वतःचा जीव वाचवायला तुम्हीच बोट दाखवलंत!” मी दार लावून घेतले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या तुकडीतला न्हावी पत्ता शोधत आला. त्याने सांगितले ते असे: छावणीच्या मैदानात शत्रूच्या अधिकाऱ्याने भाऊजींना ज्यू असल्याच्या संशयावरून रांगेबाहेर ओढले. भाऊजींच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा यजमान आपणहून पुढे झाले आणि म्हणाले, “ह्या तुकडीत ज्यू मी एकटाच. ह्याला मी ओळखत नाही.” भाऊजी ‘दादा’ म्हणणार, तोच यजमानांनी त्यांच्या पायावर बूट दाबून धरला.

न्हाव्याला भाऊजींनीच पढवून पाठवले असेल, असे मला वाटले. म्हणून दुसऱ्या दिवशी न कळवता भाऊजींच्या खोलीवर गेले आणि एवढेच विचारले, “कुठला पाय?”

ते “डावा,” म्हणाले. न्हाव्यानेही डावाच सांगितला होता.

“मग इतकी वर्षं गप्प का बसलात?”

“तुम्ही कधी विचारलंत, वहिनी? तुम्ही निकाल दिलात. आणि मला तो पटला. दादाने मला ओळखत नाही म्हटलं, आणि मी त्याला तसं म्हणू दिलं.”

तरी चार दिवस मी उलटसुलट विचार करून पाहिला. खोट सापडली नाही. पाचव्या दिवशी त्यांना बोलावून आत बसवले.

कलम तीन. यजमानांना कबर नाही. माझ्या दगडावर आधी त्यांचे नाव घालावे, मग माझे. प्रार्थना भाऊजींनी म्हणावी. ती मुलाने म्हणायची रीत आहे, पण मुलगा नाही म्हणून दुसरा कोणी आणू नये. यजमानांच्या नावाखाली एवढेच कोरावे: ‘अमक्याचा थोरला भाऊ’. ‘अमक्या’च्या जागी भाऊजींचे खरे नाव, खऱ्या आडनावासकट. कोरणाऱ्याने काना-मात्रा चुकवू नये. भाऊजींनी समोर उभे राहून तपासून घ्यावे.

ठिकाण: राहते घर, शिवणयंत्राची खोली.
तारीख: अकरा मार्च, सकाळ.

सही: कॉलरवाली

साक्षीदार, ज्यांना ह्यातले काहीही मिळणार नाही:
१. डॉक्टर, खालचा मजला
२. न्हावी, भाऊजींच्या तुकडीतला