चपट्या नाकाची मुचान्यारा

३ सप्टेंबर, मंगळवार

आणली! शेवटी आणलीच. आत्ता स्वयंपाकघरात बसून माझ्याकडे असं बघतेय, की घर तिचं आणि पाहुणी मी.

गेले होते राखणीचा कुत्रा आणायला. कोंबड्या चोरीला जातात म्हणून. मिसेस पेटिग्रूंच्या आश्रमात मोठमोठे बेवारस कुत्रे, सगळे जाळीवर उड्या मारून भुंकत होते. आणि ही बया कोपऱ्यात पाठ करून बसलेली. हाक मारली तर वळली. तोंड चपटं, नाक आत गेलेलं, डोळे बाहेर, कपाळावर आठ्या. पग म्हणतात या जातीला. मालक ऑस्ट्रेलियाला गेले, हिला मागे ठेवून. मग एका घरी दिली, त्यांनी परत आणली – घोरते म्हणून. दुसऱ्यांनीही परत आणली – भुंकत नाही म्हणून. हे ऐकल्यावर तिला पुन्हा तिथे टाकून यायचं माझ्या जिवावर आलं. राखणीचं राहिलं बाजूला.

महिनाभर ठेवून बघायची, मग पक्की. पण मिसेस पेटिग्रूंची एक अट आहे. मी विधवा, एकसष्ट वर्षांची, एकटी. उद्या मला काही झालं तर कुत्री कोण सांभाळणार? त्या माणसाने महिना संपायच्या आत स्वतः त्यांच्याकडे येऊन, तोंडाने कबूल करायचं. नाहीतर कुत्री परत.

मी म्हटलं, एवढंच ना! शेजारच्या ग्वातिद्झोबाई आहेत की. रोजचा घरोबा.

४ सप्टेंबर

घोरते. देवा, काय घोरते! अगदी ह्यांच्यासारखी – वर चढत जायचं, मग एकदम थांबायचं, आपला जीव टांगणीला, आणि मग शिटी.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

५ सप्टेंबर

गल्लीत जत्रा! जो तो फाटकाशी येऊन बघून जातोय. कोपऱ्यावरचा टोमॅटोवाला म्हणाला, हिला भिंतीवर कुणी आपटलं? ग्वातिद्झोबाईंनी तर हसून हसून डोळे पुसले. चोर आला तर ती त्याला खुर्ची देईल, म्हणाल्या. आणि कुत्री घरात झोपते हे ऐकून त्यांनी छातीवर हातच ठेवला. पण अटीचं सांगितल्यावर लगेच हो म्हणाल्या. येईन म्हणाल्या, कधीही सांग.

दिवसभर सादझा, म्हणजे आमची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकी मासळी खाल्ली. (तिने. मला उरलं तेवढं.)

७ सप्टेंबर, शनिवार

राग अजून गेला नाही, तरी लिहिते.

आज चर्चच्या बायका माझ्याकडे जमल्या होत्या. रताळी उकडली होती, चहा होता, सगळं छान चाललेलं. वन्संही आल्या होत्या – प्लॅक्सेडिस, ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. दाराशी उभ्या राहून कुत्रीकडे बघितलं. मी तिच्या तोंडावरच्या घड्या ओल्या कापडाने पुसत होते, रोज पुसाव्या लागतात. तर सगळ्या बायकांसमोर वन्सं म्हणाल्या, "माझ्या भावाला वेळेवर दवाखान्यात न्यायला हिला जमलं नाही. आता कुत्र्यांची सेवा चाललीय."

कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

हे त्या पहिल्यांदा बोलल्या नाहीत. मातीच्या वेळी बोलल्या, वर्षाच्या विधीला सगळ्या भावकीसमोर बोलल्या. तेव्हाही मी खाली मान घालून बसले. सून आहे मी त्या घराची. नणंदेला उलटून बोलायची सोय नाही.

पण कुत्र्याचं नाव ठेवायची सोय आहे!

आम्हा शोना लोकांत कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी थोडंच असतं? जे माणसाला तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याच्या नावात घालायचं, आणि तो माणूस रस्त्याने चालला की कुत्र्याला हाक मारायची. ग्वातिद्झोबाईंच्या कुत्र्याचं नाव वेंगाई – 'करा द्वेष, करा'. ते त्यांच्या दिरासाठी होतं. दीर कधीच ग्वेरूला राहायला गेला, कुत्रा अजून तेच नाव मिरवतोय.

संध्याकाळी नाव ठेवलं. मुचान्यारा. 'लाज वाटेल तुम्हाला.'

८ सप्टेंबर

चर्चहून वन्सं माझ्या फाटकावरूनच जातात. मी अंगणात झाडू घेऊन तयार. त्या बरोब्बर समोर आल्या आणि मी गळा काढला – मुचान्यारा! मुचान्यारा, ये इकडे! मुचान्यारा!

कुत्री माझ्या पायाशीच बसली होती. मान वाकडी करून बघत राहिली, की बाई, ओरडतेस कशाला?

वन्संचा पाय अडखळला. छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग चालू लागल्या.

किती बरं वाटलं! इतकं बरं वाटलं की दुपारी ह्यांच्या आवडीची शेंगदाण्याच्या कुटातली भाजी केली आणि एकटीने सगळी खाल्ली.

१२ सप्टेंबर

वन्संनी रस्ता बदलला. आता पाण्याच्या टाकीवरून लांबच्या वाटेने जातात. सगळी गल्ली कौतुक करतेय. टोमॅटोवाला तर मुचान्याराला रोज एक टोमॅटो देतो.

मिसेस पेटिग्रूंचा फोन आला होता. नाव विचारलं. सांगितलं. बाई गोऱ्या असल्या तरी जन्म इथलाच, चिपिंगेचा. माझ्या मुलापेक्षा चांगली शोना बोलतात. लगेच म्हणाल्या, "कुणासाठी?" मी म्हटलं, आहे एकजण. हसल्या खूप.

१६ सप्टेंबर, सोमवार

घोटाळा! ग्वातिद्झोबाई चालल्या जोहान्सबर्गला. सुनेला मूल होणार आहे, आता तिकडेच राहणार. घर भाड्याने देणार. वेंगाईला गावी पाठवतायत. मला मिठी मारून रडल्या, मीही रडले, आणि रडता रडता लक्षात आलं – मुचान्याराचं काय!

१८ सप्टेंबर

पाद्रीबाईंना विचारलं. त्यांना कुत्र्याने शिंका येतात. पलीकडच्या गल्लीतल्या मुख्याध्यापकांना विचारलं, एके काळी त्यांच्या हाताखाली शिकवायचे मी. म्हणाले, लोकेडिया, मीच सत्त्याहत्तरचा आहे, तुझ्यामागे मी कशाला उरेन?

अनेसुला लीड्सला फोन केला. माझा एकुलता एक मुलगा, पण मिसेस पेटिग्रूंना माणूस इथलाच हवाय. तो म्हणाला, "आई, त्यात काय, आत्याला विचार ना. दोन गल्ल्यांवर तर राहते."

मी म्हटलं, तुझ्याकडे थंडी कशी आहे?

२० सप्टेंबर

नाव बदलून बघितलं. दार लावून, हळू आवाजात, गल्लीला कळू नये म्हणून. डेझी? नाही. क्वीन? नाही. जुन्या मालकांनी ठेवलेलं प्रिन्सेस? कान सुद्धा हलला नाही. मग नुसतंच, वैतागून, म्हटलं मुचान्यारा – तर टुणकन उडी मारून मांडीवर!

आता काय करणार. मी शिकवलंय, ती शिकलीय.

आणि खरं सांगायचं तर नाव बदललं म्हणजे मी हरले. आठवड्याच्या आत आमच्या सगळ्या चिकांगा वस्तीला कळेल, लोकेडियाने कुत्रीचं नाव गिळलं.

२३ सप्टेंबर

आज ऊन फार. तिला श्वासच पुरेना. जीभ बाहेर, पोट लोहाराच्या भात्यासारखं. ओलं फडकं अंगावर टाकून तिला फरशीवर घेऊन बसले. वारा घातला. संध्याकाळपर्यंत तशीच बसले, जेवण नाही, काही नाही. बरी झाली, उठली आणि थेट माझ्या चपलेवर जाऊन झोपली.

हिला मी परत देणार नाही. म्हणजे वन्संकडे जावंच लागणार.

२६ सप्टेंबर, गुरुवार

जाऊन आले.

कुणाला मध्ये घालून निरोप पाठवायचा, हीच रीत. पण मध्ये घालायला होत्या त्या ग्वातिद्झोबाई जोहान्सबर्गला गेल्या. म्हणून मीच गेले, डोक्याला रुमाल बांधून, मुचान्याराला काखेत घेऊन. दाराशी खाली बसले, ओंजळीने टाळ्या वाजवल्या, सुनेने वाजवाव्या तशा. वन्सं आरामखुर्चीत. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. वाळल्यात. हे गेल्यापासून त्याही एकट्याच आहेत, हे मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं.

मी अटीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुत्रीचं नाव काय?"

सगळं माहीत असून विचारलं! फाटकावरून ओरडायला तोंड होतं, तर इथेही हवंच. म्हटलं, "मुचान्यारा, वन्सं."

"लाज मला वाटायची? का?"

आणि मग मी बोलले. दोन वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते. म्हटलं, "वन्सं, त्यांना दवाखान्यात जायचंच नव्हतं. मी पाया पडले, गाडी बोलावली, त्यांनी परत पाठवली. म्हणाले, ताईला कळवू नकोस. तिचा नवरा जाऊन चार महिने झालेत, तिला आता भाऊही आजारी आहे हे सांगू नकोस. मला शपथ घातली. तुम्ही भावकीसमोर मला बोललात तेव्हाही मी शपथ मोडली नाही. आज मोडतेय, कुत्रीपायी."

वन्सं खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. तेवढ्यात मुचान्यारा माझ्या काखेतून सटकली, डुलत डुलत गेली आणि वन्संच्या पावलावर हनुवटी टेकून पडली. आणि घोरायला लागली. वर चढत, थांबत, मग शिटी.

वन्संचा चेहरा पडला. ओळखला त्यांनी तो आवाज. लहानपणी एका चटईवर झोपलेली भावंडं ती.

पाऊल न हलवता म्हणाल्या, "अनेसुच्या आई, तू आता घरी जा."

ना हो म्हणाल्या, ना नाही. मी कुत्री उचलली आणि आले.

२९ सप्टेंबर

वन्संचं काही नाही. चर्चलाही आल्या नाहीत म्हणे.

बोलायला नको होतं का? ह्यांची शपथ मोडली. पण हलकं वाटतंय, खोटं कशाला लिहू.

३० सप्टेंबर

आज मी वन्संच्या घरावरून मुद्दाम दोनदा गेले. दार बंद. मुचान्याराला हाक मारायची वेळ आली तर मारलीच नाही. नुसती दोरी ओढली. हे नाव आता त्या गल्लीत माझ्या तोंडून निघत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

उद्या महिना पुरा. मिसेस पेटिग्रूंना सांगितलं, माणूस मिळाला नाही. त्या म्हणाल्या, मला फार वाईट वाटतं, पण नियम मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल. खरंच आहे. त्यांनी तरी किती कुत्र्यांचं आयुष्य पाठीवर घ्यायचं?

तिला आंघोळ घातली. तोंडाच्या घड्या पुसल्या. खायला सगळी मासळी दिली, माझ्या वाटणीचीही. तिला वाटलं सण आहे. शेपटी सरळ होत नाही बिचारीची, तर अख्खं ढुंगणच हलवत होती.

भरपूर रडले. एकदाचं लिहून टाकते.

३ ऑक्टोबर

तिचं पांघरूण पिशवीत भरत होते तर मिसेस पेटिग्रूंचा फोन. येऊ नका, कुत्री तुमचीच. तुमच्या नणंदबाई सकाळीच येऊन कबूल करून गेल्या.

धावत फाटकाशी गेले. वन्सं येत होत्या, टाकीकडच्या लांबच्या वाटेने नाही, समोरून. हातात दोरी, दोरीला मिसेस पेटिग्रूंकडचा एक हडकुळा पिवळा कुत्रा. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या फाटकासमोर थांबल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी कुत्र्याला हाक मारली –

"न्दान्यारा! ये, न्दान्यारा!"

'लाज वाटली मला.'

मी फाटक उघडलं.