कुंपणापलीकडचं बी

मी, ज्लात्का कारादिमोवा, कै. स्तोइल यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार स्लिव्होवो पोले, प्लोव्दिव्ह जिल्हा. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि अक्षर माझंच आहे. मुलगी नेवेना शेजारच्या खोलीत आहे, म्हणून दाराला आतून कडी घालून लिहीत आहे.

१. घर आणि बँकेत असेल ते नेवेनाला. मात्र परसातले टोमॅटोचे वाफे वगळून. परवा ती तिथं पावलं टाकून माप घेत होती. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं आई, गाडी कुठं लावता येईल ते बघत होते." मला ते पुरलं.

२. सासूबाईंचं गुलाबी टोमॅटोचं बी. या फळाची साल इतकी पातळ की बाजारापर्यंत टिकत नाही, म्हणून ते कुणी विकत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या फळांना मी लाल दोरा बांधत असे. दर उन्हाळ्यात त्यातलं एक नाहीसं व्हायचं. शेजारचा वेल्को म्हणायचा, "वहिनी, पाखरं फार माजलीत." दोरा सोडून ठेवणारं पाखरू मी अजून पाहिलेलं नाही. त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची बायको गेली तेव्हा दिवसांना वाटतात ते उकडलेले गहू त्याच्या हातून घेतले, तेही मुक्याने.

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून मी इस्पितळात होते. तेवढ्यात नेवेनाने घर आवरलं आणि बियांच्या बरण्या फेकल्या. "कळकट होत्या," म्हणाली. चुकून फेकल्या असं मी आजही मानत नाही. पेरणीचे दिवस टळले होते. जिथं दरवर्षी रोपं ठेवायची त्या रिकाम्या खिडकीकडे पाहत मी नुसती बसून असे.

मग एके सकाळी वेल्कोने कुंपणावरून रोपांची पेटी पुढे केली. पानं बटाट्यासारखी रुंद. आमचीच.

"चोरा!" मी म्हणाले.

"हो. पण आता उन्हात ठेव, नाहीतर नुसती उंच होतील."

"मागायला तोंड नव्हतं?"

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

जुलैत पहिलं फळ चिरून मीठ लावून खाल्लं. तीच चव. पायरीवर बसून रडले. आभार मात्र मानले नाहीत. आभार मानले की माणूस शिडी मागायला येतो.

३. म्हणून वाफे आणि बी वेल्कोला. त्याने फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावं, बी रसासकट आंबवून धुवावं, कापडावर वाळवावं. कागदावर नको, चिकटतं. नेवेनाने मागितल्यास चिमूटभर द्यावं, बरणी तिच्या हाती देऊ नये.

सह्यांआधीची भर: वेल्को ठेवणीतला कोट घालून साक्षीला आला होता. ज्याला काही मिळतं त्याला साक्ष देता येत नाही, असं नोटरीबाईंनी सांगितलं. वाफ्यांचं ऐकून त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "वहिनी, यात काही डाव तर नाही ना?"

साक्षीदार: इस्क्रा तोन्चेवा (शिवणकाम), राडोस्लाव मिलुशेव (टपालवाटप).
सही: ज्लात्का कारादिमोवा
स्लिव्होवो पोले, २ सप्टेंबर २०१९