सायबिणीच्या ओढणीचा रंग

मालवण, २६ एप्रिल

प्रिय कॉस्मे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील, तर आधी पाणी पी. कुणी गेलेलं नाही. काशीबाईचा जावई परवा मस्कतला परत निघालाय. त्याच्या बॅगेत सुकटीच्या पुड्याशेजारी हे पत्र येईल, तेव्हा कागदाला वास येतोय म्हणून मला दोष देऊ नकोस. फोन का केला नाही, असं तू विचारशील. तुझ्या वडिलांची खुर्ची आणि माझी ओटी यांच्यामध्ये एक कमरेएवढा दगडी गडगा आहे, आणि दृष्टी गेल्यापासून अंकलचे कान असे काही तयार झालेत की मी घरात साखरेचा डबा उघडला तरी पलीकडून माझ्या मधुमेहाची चौकशी होते. जे लिहायचं आहे ते त्यांच्या कानावर पडता कामा नये.

बातमी अशी की तुझ्या वडिलांची कॉन्टेसा तयार झाली. पाच वर्षांपूर्वी तू परत गेलास तेव्हा ती माडाखाली चार विटांवर बसून होती आणि तिच्या डिकीत कोंबडी अंडी घालत होती. आता ती अंगणात चार चाकांवर उभी आहे. माझ्या शाळेतली मुलं तिला ‘मसल कार’ म्हणतात. मी अर्थ विचारला तर दंड फुगवून दाखवतात. आपल्या वयाच्या माणसांजवळ आणि आपल्या वयाच्या गाड्यांजवळ दंडापेक्षा पोटच अधिक असतं हे त्यांना अजून कळायचंय. इंजिन कुडाळहून करून आणलं. बाकी सगळं घरी, माडाच्या झापांच्या मांडवात, धोंडू पेंटरच्या हातून आणि अंकलच्या तळहाताखाली झालं. तळहाताखाली हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. धोंडू पुट्टी घासायचा, मग अंकल तिथे एक पातळ रुमाल पसरून त्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “हय खड्डो आसा.” धोंडू शपथेवर सांगायचा की नाही. मग बल्ब तिरका धरून बघायचा, आणि खड्डा असायचाच. शेवटी शेवटी धोंडू माझ्याशी बोलेनासा झाला, कारण त्याच्या मते मी डोळे असूनही काही कामाचा नव्हतो. ते खरंच निघालं. त्याकडे येतो.

ही गाडी त्यांनी कशासाठी हातात घेतली ते तुला ठाऊक आहे. आपण कधी बोललो नाही एवढंच. सेवरीना आंटींना कोल्हापूरच्या इस्पितळात न्यायला निघाले तेव्हा फोंडाघाट चढायच्या आतच इंजिनाच्या पाण्याचा होज फुटला. तो बदलायचं अंकल दिवाळीपासून म्हणत होते. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आणि दफन झाल्यावर सिमेंटरीच्या फाटकाशी तू त्यांना म्हणालास की होज बदलला असता तर मम्मी आज असती, आणि ते भंगार आता विकून टाका. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू म्हणालास ते बहुधा खरंच होतं, आणि अडचण तीच आहे. खोटं असतं तर त्यांनी तुझ्याशी भांडण काढलं असतं. खरं होतं म्हणून ते घरी आले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि नवा होज घातला. घाटाखालून ओढून आणून चार विटांवर चढवलेल्या गाडीला. आंटी गेल्यावर नवव्या दिवशी.

काचबिंदू त्याच्या नंतरचा. आता त्यांना रंग दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. भर दुपारी बारा वाजता ते अंगणात उभे राहतात, तेव्हा बॉनेटवरची उन्हाची तिरीप तेवढी कळते. डॉक्टर म्हणतात, तीही पावसाळ्यापर्यंतच.

आता माझं पाप. होळी झाल्यावर अंकलनी मला बोलावून सांगितलं, “विन्या, रंग तोच व्हयो. सेवरीनान पसंत केल्लो. सायबिणीच्या ओढणीचो.” तुला आठवत असेल, अठ्ठ्याऐंशी साली आंटींनी शोरूमच्या माणसाला चर्चमधल्या सायबिणीची, मेरीमातेची, तसबीर दाखवून, असा निळा हवा, म्हटलं होतं आणि तो माणूस बिचारा हिंदू असून क्रूस करून मोकळा झाला होता. तर धोंडूने बुधवारी संध्याकाळपर्यंत गाडीचा जुना रंग बाहेरून पार खरवडून उघडं लोखंड केलं. फक्त पेट्रोलच्या झाकणाला हात लागायचा राहिला होता. लगेच प्रायमर मारायला हवा होता. पण गुरुवारी हनुमान जयंती, धोंडूच्या वाडीतल्या देवळात महाप्रसाद, आणि वाढपी तोच. शुक्रवारी तुमचा गुड फ्रायडे. मी धीर करून विचारलं तर अंकल कडाडले, “आज लोखंडाक हात लावूचो नाय! आजच्या दिसाक खिळो मारलो हा तेंका.” सगळ्यांत शहाणा मी. दोन्ही धर्मांचा मान राखला जातोय म्हणून मनातल्या मनात सुखावलो. शाळेत त्यावर मुलांना ऐकवायला चार वाक्यंही जुळवून ठेवली. समुद्रावरच्या वाऱ्याला धर्म नसतो. शनिवारी सकाळी अंगणात पाहिलं तर गाडी गंजाने मिरचीपूड उधळल्यासारखी लाल. पुन्हा सगळी घासाघास. प्रायमर दुपारपर्यंत मारून व्हायला हवा, रंग त्याच दिवशी आणायला हवा, आणि रंगाचं दुकान दीडला बंद. अंकलनी बजावलं होतं, “आतलो रंग बघ, रबराखालचो. भायलो नको.” पण दाराचं रबर घट्ट चिकटलेलं, ते निघेना. मी घाईघाईत पेट्रोलचं झाकण उघडून काढलं, खिशात घातलं आणि स्कूटर काढली.

दुकानातल्या यंत्राने त्या झाकणाशी तंतोतंत जुळणारा रंग बनवून दिला. यंत्राची काहीच चूक नाही. अडतीस वर्षं खारं ऊन खाल्लेल्या झाकणाचा रंग त्याने इमानदारीने काढला. आणि मी ती गाडी गडग्यावरून रोज पाहत आलो, म्हणून माझ्या लेखी ती निळीच होती. रोज पाहणाऱ्याला फिकं होत गेलेलं दिसत नाही. डब्यात ओला होता तेव्हाही मला निळाच वाटला. धोंडूने तीन हात मारून मांडवाचे झाप बाजूला केले, आणि उन्हात उभी राहिली ओरोसच्या कचेरीतल्या फायलींच्या कपाटाच्या रंगाची गाडी. करडी. तेवढ्यात अंकल रुमाल घेऊन आले, बॉनेटवरून हात फिरवला, आणि पाच वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. “रंग तोच आसा मां?”

मी म्हणालो, तोच.

त्यानंतर आमचं गाव खोटं बोलायला लागलं. धोंडूने उत्साहाच्या भरात सांगितलं, “अंकल, मोराची मान बघा!” त्यावर अंकलनी त्याला झाडलं, मोर नाही, सायबीण. काशीबाई मासळीची टोपली घेऊन आली आणि “अगो बाय माझे, ह्यो काय रंग...” इथपर्यंत पोचली होती. मी गडग्यावरून हात जोडले तेव्हा “...निळो म्हणजे किती निळो” असं तिने वाक्य सावरलं. पाद्री आले, गाडीवर तीर्थ शिंपडलं आणि रंगाबद्दल चकार शब्द न काढता गेले. आमच्यात प्रामाणिक तेच. परवा अंकल मला म्हणाले, “माका दिसत नाय म्हणान तुमी सगळे गोड बोलूक लागलास. असूं दे. कॉस्मे येतलो, तो सांगतलो. तेका खोटा बोलूक जमणा नाय.” तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

सगळं सांगून टाकावं, असं दहा वेळा मनात आलं. पुन्हा रंगवावी तर पुन्हा सगळी घासावी लागेल. पहिल्या पॉलिश पेपरचा आवाज झाला की त्यांना कळेल. आणि पावसाच्या दमट हवेत रंग नीट धरत नाही, म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबणं आलं. तोवर ती उन्हाची तिरीपही गेलेली असेल. एकतीस वर्षं मी मुलांना संस्कृत शिकवतोय, सत्यावरची किमान दोनशे सुभाषितं तोंडपाठ आहेत. एकही या कामाला येत नाही.

नऊ मेला तू उतरशील. जॉयसीला विमानातच सगळं सांगून ठेव, ती तुझीच मुलगी आहे. अंकल सामान आत घेऊ देणार नाहीत. तुझा हात धरून थेट गाडीपाशी नेतील आणि विचारतील. खोटं बोल, असं मी तुला सांगू शकत नाही. खरं बोल असंही सांगण्याचा धीर नाही. फाटकाशी तू एकदा खरं बोललास, ते ऐकून हा म्हातारा पाच वर्षं लोखंड घासतोय. म्हणून हे पत्र, आणि एवढंच मागणं. चालकाच्या दाराचं ते चिवट रबर गेल्या आठवड्यात एकदाचं निघालं. खाली दोन बोटं रुंदीची एक पट्टी आहे, तिला ना ऊन लागलं ना खारा वारा. आंटींनी निवडला तोच निळा, जसाच्या तसा. नवं रबर लावताना तेवढी वीतभर जागा धोंडूला उघडी ठेवायला लावली आहे. तू ते दार उघड, अंकलचं बोट धरून त्या पट्टीवर ठेव, आणि मग त्यांनी काय विचारायचं ते विचारू दे. बोटाखाली जे असेल त्याचं उत्तर दे. मी ओटीवर असेन. मध्ये फक्त गडगा आहे, मला ऐकू येईल.

तुझाच,
विनीत