खिडकीकडचा डबा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, २८ मे १९८९

भागी,

आशीर्वाद. मी बरी आहे. दाजी, आनंद आणि सूनबाईही बरे असतील असं धरून चालते, कारण वर्षभरात कळवायची तसदी कोणी घेतलेली नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी अख्ख्या जगाला जोडून दिलं आणि सख्ख्या बहिणीच्या मानपाड्यात अजून फोन नाही! म्हणून हे आंतर्देशीय. कडेला लिहिलेलं आहे, तेव्हा नेहमीसारखं फाडू नकोस. कात्रीने उघड.

पत्राला कारण मिरची.

या वर्षी कल्याणला घाऊक बाजारात एकटी गेले. आपला तो व्यापारी मला बघून म्हणतो, "दुसऱ्या बाई कुठायत?" मी म्हटलं, "तुम्हाला मिरची विकायचीय की खानेसुमारी करायचीय?" पाच किलो मागितली, तर दहाच्या खाली देत नाही. "मग ठाण्यातच घ्या की किरकोळ," म्हणाला. ठाण्यात किलोमागे चार रुपये जास्त. बहीण रुसली म्हणून मी चार रुपये जास्त का मोजावेत? घेतली दहा किलो.

दोन दिवस गच्चीवर ऊन दिलं, एकटीने देठं काढली. तू असताना तोंडाचा पट्टा चालू असायचा आणि मी तुला दर पाच मिनिटांनी गप्प बस म्हणायचे. या वर्षी कोणी बोललं नाही, तरी काम दुप्पट वेळ चाललं. मग डंकावर मसाला कुटून घ्यायला गेले, तर डंकवाल्या मनुबाईचीही तीच चौकशी, "भागी नाय आली?" सगळ्या ठाणे जिल्ह्याला तुझी काळजी लागून राहिली आहे.

धणे, हळद, गरम मसाला घालून बारा किलो मसाला कुटून आला, दोन डब्यांत भरला. त्याला आता तीन आठवडे झाले. आणि मी रोज खाली अण्णाच्या दुकानातून शंभर ग्रॅमची पुडी आणते आहे. त्यात मिरची कमी आणि रंग जास्त. किलोमागे चार रुपये वाचवायला कल्याण गाठणारी बाई घरात बारा किलो मसाला ठेवून पुड्या विकत घेते! पुडी देताना अण्णा हसतो. गेल्या वर्षापासून हसतोच आहे मेला.

तू म्हणशील, उघड की एक डबा. कसा उघडू? आईचा नियम तुला माहीत आहे. एक वर्ष एकीने भाग करायचे, दुसरीने आधी उचलायचा; पुढच्या वर्षी उलट. या वर्षी भाग करायची पाळी माझी. तू उचलल्याशिवाय माझा डबा कोणता तेच ठरत नाही.

मागच्या वर्षीचं काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पण अण्णाचं नाव निघालंच आहे.

माझा मसाला नेहमी होळीलाच संपायचा आणि माझ्या डोक्यात भरलं की तू भाग करतेस तेव्हा मला कमी मिळतो. मागच्या वर्षी भाग तू केलेस. मी माझा डबा उचलला, तुझाही उचलला आणि तुझ्या नव्या सुनेसमोर दोन्ही खाली नेऊन अण्णाच्या काट्यावर ठेवले. तू दुकानाच्या पायरीवरून म्हणालीस, "ताय, माज्यावर भरोसा नाय तुजा?" मी म्हटलं, "वजनाला भरोसा लागत नाही." नन्सच्या शाळेतली असली वाक्यं अशा वेळी बरी सुचतात मला.

तू सुनेचा हात धरून निघून गेलीस. पारडं स्थिर व्हायची वाटही बघितली नाहीस. तुझा डबा मी दुसऱ्या दिवशी आनंदबरोबर पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. ती का नव्हती ते आज लिहिते.

अण्णा म्हणाला, "बाई, जास्त तर तुमच्याच डब्यात आहे. अर्धा किलो." मी म्हटलं, तुझा काटा खोटा आहे. त्याने वजनं बदलून पुन्हा तोललं. पुन्हा अर्धा किलो.

मी आपली मनाला सांगत राहिले, हात चुकला असेल तुझा. पण उचलायची पाळी माझी असली की मी नेहमी खिडकीकडचा डबा उचलते. तिथे उजेड असतो, तो भरलेला दिसतो. तुला हे माहीत आहे. किती वर्षांपासून, भागी? आणि माझा होळीला का संपायचा, तर ऑफिसात बाटल्या भरभरून वाटायचे आणि वाहवा घ्यायचे.

मी भाग करायचे ते वाटीने. वर सुरी फिरवून, सपाट. चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं. तुझ्या वेळेपर्यंत फीचे पैसे उरले नाहीत, तू म्युनिसिपाल्टीच्या शाळेत गेलीस. तेव्हा आधी कोणी उचलायचं, हे तुला कोणी विचारलं नव्हतं.

असो. कागद संपत आला. तू नेहमी दाराकडचा डबा उचलतेस, निघताना सोयीचा पडतो म्हणून. या वर्षी मी वाटी वापरलेली नाही. मुकाट्याने दाराकडचाच उचल. हे वाचलंस म्हणून मुद्दाम खिडकीकडचा घेतलास, तर सुनेसकट तुला अण्णाच्या काट्यावर उभी करीन. सुनेला आणच. ती असताना बोलले, तर ती असतानाच ऐकवायचं आहे.

पावसाच्या आत ये. पुडीच्या मसाल्यात कालवण घशाखाली उतरत नाही.

दोन्ही डब्यांची झाकणं लावून बसलेली,
तुझी ताय